अनोळखी वादकासाठी लिहिताना : ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमधील स्वरलेखन आणि सोलापूर

'सैराट' हा २०१६ सालचा चित्रपट मुख्यतः सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा परिसरात चित्रित झाला. त्याचे दिग्दर्शक नागराज मंजुळे हे त्याच तालुक्यातील जेऊरचे. अजय-अतुल या संगीतकार बंधूंनी त्याला संगीत दिले आणि त्यातील पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा भाग अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील सोनी स्कोअरिंग स्टेज या ध्वनिमुद्रणगृहात, तेथील वादकांकडून वाजवून घेतला. तेथे ध्वनिमुद्रण झालेला हा पहिलाच भारतीय चित्रपट, अशी त्याची त्या वेळी नोंद झाली. या घटनेची चर्चा बहुधा अभिमानाच्या अंगाने झाली, परंतु तिच्यात स्वरलेखनाचा एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. हॉलिवूडच्या ध्वनिमुद्रणगृहातील व्हायोलिनवादकाने चाल आधी ऐकलेली नसते, गाण्याची भाषा त्याला कळत नसते आणि तालमीसाठी दिवसच्या दिवस नसतात. समोरच्या कागदावर जे छापलेले असते तेच तो पहिल्या किंवा दुसऱ्या वाचनात वाजवतो. म्हणून त्या कागदावर स्वर, लय, जोर, थांबा आणि शेवट हे सारे वादकाला प्रश्न विचारावा न लागता कळेल इतक्या नेमकेपणाने उतरलेले असावे लागते.

मराठी संगीतव्यवहाराला लेखन नवीन नाही. मात्र येथील लेखनाचा हेतू बहुतेक वेळा वेगळा राहिला आहे. शिष्याच्या वहीतील सरगम ही गुरूने शिकवलेल्या बंदिशीला धरून ठेवणारी खूण असते, आणि जो ती बंदिश ऐकून शिकला आहे त्यालाच तिचा खरा उपयोग होतो. ओळखीच्यासाठी केलेले लेखन आणि अनोळखी वादकासाठी केलेले लेखन या दोन भिन्न गोष्टी आहेत. ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आज सहज मिळणारा स्वरलेखन-संपादक, म्हणजे वाजवलेले संगीत पाच रेघांच्या स्टाफ नोटेशनमध्ये दाखवणारा आणि ते दुरुस्त करू देणारा विभाग, दुसऱ्या प्रकारच्या लेखनाचे साधन आहे. हा फरक लक्षात न घेता त्याच्याकडे वळणाऱ्या संगीतकाराची पहिल्याच दिवशी निराशा होते.

लेखनाचे जुने वाद

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगीत शाळेच्या वर्गात शिकवायचे ठरले, तेव्हा लेखनाची गरज प्रथम ठळक झाली. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात १८८६ साली गायनशाळा सुरू करणाऱ्या मौलाबक्षांनी स्वतःच्या लेखनपद्धतीने पाठ्यपुस्तके तयार केली. कुरुंदवाडला जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि आपली स्वतंत्र स्वरलिपी रूढ केली, तर विष्णु नारायण भातखंडे यांनी देशभर फिरून जमवलेल्या बंदिशी आपल्या पद्धतीने लिहून क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत प्रसिद्ध केल्या. दोघांच्या चिन्हांत इतका भेद आहे की स्वराच्या डोक्यावरचा बिंदू पलुस्कर पद्धतीत मंद्र सप्तक दाखवतो आणि भातखंडे पद्धतीत तार सप्तक. लिपी कोणतीही असो, तिचा वाचक कोण हे आधी ठरलेले असते, हे या एका बिंदूवरून कळते.

पाच रेघांची पाश्चात्त्य पद्धत भारतीय संगीतासाठी वापरण्याचे प्रयत्नही त्याच काळातले आहेत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील अधिकारी ई. क्लेमेंट्स यांनी बावीस श्रुतींचा अभ्यास करून श्रुतींची हार्मोनियम तयार करवून घेतली, आणि क्लेमेंट्स यांनी राग लिहिताना श्रुतिभेदाच्या खुणा जोडून स्टाफ नोटेशन वापरले. १९१६ साली बडोद्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या हार्मोनियमवरून झालेला वाद प्रसिद्ध आहे. दक्षिणेत चिन्नस्वामी मुदलियार यांनी १८९०च्या दशकात कर्नाटक संगीतातील रचना युरोपीय लेखनात छापल्या, आणि त्यांच्याच प्रेरणेने पुढे सुब्बराम दीक्षितरांनी १९०४ साली 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी' हा ग्रंथ तेलुगू लिपीत, गमकांच्या खुणांसह सिद्ध केला. सोलापूरच्या संदर्भात हे दोन्ही प्रवाह दूरचे नाहीत, कारण मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू बोलणाऱ्या या शहरात गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची सरगम आणि स्वल्पविराम-अर्धविरामांनी मात्रा मोजणारी कर्नाटक पद्धतीची वही, या दोन्ही वह्या शेजारशेजारच्या घरांत असू शकतात. त्या दोन वह्यांच्या मालकांना एकत्र वाजवायचे झाले, तर तिसरी सामाईक लिपी उपयोगी पडते.

सॉफ्टवेअर नेमके काय साठवते

ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन प्रकारची सामग्री साठते आणि त्यांतील भेद कळल्याशिवाय स्वरलेखनाला हात घालता येत नाही. पहिली सामग्री म्हणजे मायक्रोफोनमधून आलेला प्रत्यक्ष आवाज, जो पडद्यावर लहरींच्या आकृतीने दिसतो. या आवाजात कोणता स्वर कोठे लागला हे संपादकाला ठाऊक नसते. दुसरी सामग्री मिडी या नावाने ओळखली जाते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून १९८३ साली रूढ झालेल्या या पद्धतीत आवाज मुळीच नसतो. कोणती पट्टी दाबली, केव्हा दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढ्याच सूचना आकड्यांत नोंदलेल्या असतात. मधल्या सप्तकातील पांढरी एक ही ६० क्रमांकाची, काळी एक ६१ क्रमांकाची, याप्रमाणे प्रत्येक पट्टीला ० ते १२७ यांतील एक क्रमांक असतो आणि दाबण्याचा जोरही तेवढ्याच मापावर मोजला जातो.

स्वरलेखन-संपादक मिडीच्या या सूचना वाचून त्या स्टाफवर मांडतो. त्याच सूचना आडव्या पट्ट्यांच्या रूपातही पाहता येतात. या दुसऱ्या दृश्याला पियानो रोल म्हणतात आणि एका दृश्यात केलेला बदल दुसऱ्यात आपोआप उमटतो. पेटीवर वाजवून मायक्रोफोनने मुद्रित केलेली चाल संपादकात रिकामी दिसते ती याच कारणाने. तीच चाल संगणकाला जोडलेल्या मिडी कीबोर्डवर वाजवली, किंवा उंदराने एकेक स्वर मांडला, तर ती लेखनात दिसू लागते.

हे साधन एका कंपनीपुरते किंवा महागड्या स्टुडिओपुरते राहिलेले नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अटारी संगणकावर चालणाऱ्या नोटेटरसारख्या कार्यक्रमांत मुद्रण आणि स्वरलेखन एकत्र आले होते; लॉजिक प्रो आणि क्यूबेस यांत ते दीर्घकाळ आहे, रीपरमध्ये ते २०१६ साली ५.२० या आवृत्तीपासून आले, स्टुडिओ वनमध्ये २०२० साली पाचव्या आवृत्तीत आले, आणि क्यूबेसच्या २०२४च्या चौदाव्या आवृत्तीत जुना विभाग काढून डोरिको या स्वरलेखनाच्या स्वतंत्र सॉफ्टवेअरवर आधारलेला नवा विभाग बसवला गेला. मुद्रण न करता केवळ लेखन करायचे असेल, तर म्यूझस्कोअर हे सॉफ्टवेअर विनामूल्य उपलब्ध आहे. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात लेखन नेण्यासाठी २००४ साली प्रसिद्ध झालेला म्यूझिकएक्सएमएल हा सामाईक नमुना वापरतात, त्यामुळे सुरुवात कोठूनही केली तरी काम वाया जात नाही.

पट्टी आणि सप्तकाची निवड

सरगममध्ये षड्ज कोठेही ठेवता येतो. 'सा रे ग' हे लेखन काळी एकच्या गायकाला आणि पांढरी पाचच्या गायिकेला सारखेच लागू पडते. स्टाफमध्ये तसे होत नाही, कारण प्रत्येक रेघ आणि प्रत्येक फट ठरावीक उंचीच्या स्वराशी बांधलेली असते. म्हणून पहिला निर्णय पट्टीचा असतो. पांढरी एक म्हणजे सी, पांढरी चार म्हणजे एफ, पांढरी पाच म्हणजे जी, हे सोपे आहे. काळ्या पट्ट्यांना मात्र दोन नावे असतात आणि नवशिक्याची गडबड तेथेच होते. काळी एक ही सी शार्पही आहे आणि डी फ्लॅटही. बिलावल थाटातील चाल काळी एकमध्ये सी शार्प मानून लिहिली, तर स्टाफच्या आरंभी सात शार्पची खूण येते. डी फ्लॅट मानून लिहिली, तर पाच फ्लॅटची. आवाज एकच असतो, पण वाचणाऱ्याला पाच फ्लॅट अधिक सोयीचे पडतात. सॉफ्टवेअरला ६१ हा केवळ एक क्रमांक दिसतो. त्याला काय म्हणायचे हे स्टाफच्या आरंभीची खूण निवडून लेखकानेच सांगावे लागते.

रागाच्या बाबतीत आणखी एक निवड असते. काळी एकमधील यमनात तीव्र मध्यम कायम असतो, म्हणून तो आरंभीच्या खुणेत समाविष्ट करून चार फ्लॅटची खूण लावता येते, किंवा पाच फ्लॅट ठेवून प्रत्येक मध्यमापाशी स्वतंत्र चिन्ह देता येते. पहिला मार्ग कागद स्वच्छ ठेवतो, तर दुसरा मार्ग वादकाला षड्ज कोणता हे सतत सांगत राहतो. भैरवासारख्या रागात, जेथे कोमल ऋषभ आणि कोमल धैवताशेजारी शुद्ध गंधार-निषाद नांदतात, रूढ खुणांपैकी एकही नेमकी बसत नाही, आणि तेथे दुसराच मार्ग पत्करावा लागतो.

ताल, सम आणि तिगुन

लयीच्या बाबतीत संपादकाची मागणी अधिक कडक असते. वाजवणाऱ्याने सॉफ्टवेअरच्या ठोक्याबरोबर, म्हणजे क्लिकबरोबर, वाजवले असेल तरच वाजवलेला स्वर कोणत्या मात्रेवर पडला हे त्याला कळते; क्लिक बंद ठेवून मोकळेपणाने वाजवलेली चाल लेखनात बारीकसारीक विरामांचे जंगल होऊन उतरते. अनेक सॉफ्टवेअरमध्ये एका मात्रेचे ४८० किंवा ९६० सूक्ष्म भाग मोजलेले असतात. माणसाचे बोट मात्रेच्या नेमक्या टोकावर कधीच पडत नाही, ते दहा-वीस भाग अलीकडे किंवा पलीकडे पडते, आणि संपादक तो फरक प्रामाणिकपणे लिहू लागला तर कागद वाचण्याजोगा राहत नाही. यावर उपाय म्हणजे स्वरांना जवळच्या मात्राभागाशी जुळवणे, ज्याला क्वांटाइझ म्हणतात. हे जुळवणे दोन प्रकारांनी होते: एकात वाजवलेली सामग्रीच बदलते, दुसऱ्यात केवळ दिसणे बदलते आणि ऐकू येणारा डौल तसाच राहतो. लावणीच्या ढोलकीतील किंवा भजनी ठेक्यातील झोल टिकवायचा असेल, तर दुसरा प्रकारच निवडला पाहिजे.

जुळवण्याचे माप ठरवताना तिगुन विसरता कामा नये. मात्रेचे दोन किंवा चार भाग मानले, तर दुगुन आणि चौगुन नीट बसते, परंतु तीन स्वरांची मात्रा मोडून एक लांब आणि दोन आखूड अशी काहीतरी दिसू लागते. त्यासाठी मापात त्रिभागाची, म्हणजे ट्रिप्लेटची, सोय चालू ठेवावी लागते.

तालाचे विभाग मात्रांच्या गटांतून सांगावे लागतात. दादऱ्याच्या सहा मात्रा तीन-तीनच्या जोडीने सहज बसतात. रूपकाच्या सात मात्रा तीन-दोन-दोन अशा आणि झपतालाच्या दहा मात्रा दोन-तीन-दोन-तीन अशा गटांत बांधल्या नाहीत, तर संपादक आपल्या मर्जीने गट पाडतो आणि वादकाचा जोर चुकीच्या मात्रेवर पडतो. स्टाफमध्ये उभ्या रेघेनंतरची पहिली मात्रा आपोआप वजनदार मानली जाते. खाली दाखवण्याची मात्र तेथे काही सोय नाही, म्हणून रूपकाची समेवरची खाली शब्दांत लिहावी लागते. त्रितालात चार-चार मात्रांचे चार विभाग सरळ मांडता येतात, पण मध्यलयीतील अनेक बंदिशींचा मुखडा नवव्या मात्रेपासून उचलला जातो. अशी चाल पहिल्या उभ्या रेघेपासून मुद्रित केली तर सम तिसऱ्या विभागाच्या आरंभी येते आणि सारे लेखन आठ मात्रांनी सरकते. एक पूर्ण आवर्तन क्लिकवर रिकामे सोडून, दुसऱ्या आवर्तनाच्या नवव्या मात्रेवर मुखडा उचलणे आणि प्रत्येक समेच्या आधी दुहेरी रेघ ओढणे, हा यावरचा सोपा उपाय आहे.

बँडचा कागद

सोलापूर शहरात या साधनाचा सर्वांत सरळ उपयोग कोठे होईल, असा प्रश्न विचारला तर उत्तर बँडकडे जाते. गणेशोत्सवातील लेझमीच्या ताफ्यांच्या मागे, लग्नाच्या वरातीत आणि मिरवणुकांत ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आणि युफोनियम वाजतात. ही वाद्ये मुळात स्टाफ नोटेशनसाठी घडलेली आहेत. तरीही येथील चाली बहुधा कानाने, बँडमास्टरच्या तोंडून, उतरवल्या जातात. या वाद्यांचे एक वैशिष्ट्य असे की त्यांपैकी अनेकांच्या कागदावरचा स्वर आणि कानावर पडणारा स्वर वेगळा असतो. बी फ्लॅटच्या ट्रंपेटने सी हा लिहिलेला स्वर वाजवला, तर ऐकू येतो तो त्याच्या खालचा बी फ्लॅट. ई फ्लॅटच्या आल्टो सॅक्सोफोनवर तोच लिहिलेला सी ई फ्लॅट म्हणून, म्हणजे शुद्ध धैवताच्या अंतराने खाली, ऐकू येतो. त्यामुळे प्रत्येक वाद्याचा कागद वेगळ्या पट्टीत लिहावा लागतो, आणि हाताने लिहिताना तासन्‌तास खाणारे हे काम संपादकात वाद्याचे नाव निवडताच होते.

वरचेच उदाहरण पुढे नेले तर याचा लाभ स्पष्ट दिसतो. काळी एकची बिलावली चाल पेटीवाल्याच्या कागदावर पाच फ्लॅटची असते. तीच ट्रंपेट आणि क्लॅरिनेटच्या कागदावर ई फ्लॅटमध्ये, म्हणजे तीन फ्लॅटची होते, आणि आल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर बी फ्लॅटमध्ये, केवळ दोन फ्लॅटची. गायकाच्या सोयीने निवडलेली पट्टी फुंकवाद्यांनाही अनुकूल आहे की नाही, हे तालमीच्या आधीच कागदावर पाहता येते, आणि नसेल तर संपूर्ण रचना एका आज्ञेत अर्धा स्वर वर-खाली सरकवता येते. हलगी, ढोलकी आणि ताशा यांसाठी स्वराची उंची निरर्थक असते. तेथे तालवाद्यांचा स्वतंत्र स्टाफ घेऊन टिपरीचा आणि काठीचा आघात वेगवेगळ्या रेघांवर दाखवण्याचा संकेत बँडने आपसात ठरवून घ्यावा आणि तो कागदाच्या डोक्यावर छापावा.

जे रेघांत मावत नाही

या साधनाच्या मर्यादा त्याच्या रचनेतूनच येतात. मिडीत सप्तकाचे बारा समान भाग गृहीत असतात. एका स्वराकडून दुसऱ्याकडे घसरत जाण्यासाठी पिच बेंड नावाची सूचना असते आणि तिच्यात १६,३८४ पायऱ्या असल्यामुळे मींड ऐकू येण्याइतकी सूक्ष्मता तेथे आहे. पण स्वरलेखन-संपादक साधारणपणे ही सूचना कागदावर उतरवत नाही, त्याला फक्त दाबलेली पट्टी दिसते. दरबारी कानड्याचा आंदोलित गंधार म्हणूनच ध्वनिमुद्रणात जिवंत आणि लेखनात सपाट असतो. लेखकाने मींडेसाठी तिरपी रेघ, कणस्वरासाठी लहान आकाराचा स्वर आणि आंदोलनासाठी नागमोडी रेघ हाताने जोडावी लागते, आणि त्या खुणांचा अर्थ अनोळखी वादक आपल्या शिक्षणानुसार लावणार हे गृहीत धरावे लागते. देवल-क्लेमेंट्स यांना पडलेला प्रश्न आजच्या संगणकानेही सोडवलेला नाही. त्याने खुणा देणे तेवढे स्वस्त केले आहे. आलापाच्या बाबतीत तर लेखनाचा आग्रह न धरणेच शहाणपणाचे, कारण ज्याची लय मुद्दाम मोकळी ठेवली आहे त्याला उभ्या रेघांत कोंबल्यास त्याचा धर्मच बदलतो.

देवनागरी सरगम आणि स्टाफ यांची सांगड मात्र आज घालता येते. संपादकांत स्वराखाली गाण्याचे शब्द लिहिण्याची सोय असते आणि एकाखाली एक अशा अनेक ओळी देता येतात. पहिल्या ओळीत सरगम आणि दुसऱ्या ओळीत शब्द लिहिले, तर एकच कागद स्टाफ वाचणाऱ्या क्लॅरिनेटवादकाला आणि सरगम वाचणाऱ्या पेटीवाल्याला चालतो. भातखंडे पद्धतीतील कोमल स्वराखालची आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावरची उभी रेघ टंकलिखित करण्यासाठी युनिकोडमधील वेदपठणाची अनुदात्त आणि उदात्त चिन्हे, तर सप्तक दाखवणाऱ्या बिंदूंसाठी नुक्ता आणि अनुस्वार कामी येतात. प्रत्येक फाँट ही चिन्हे सारखी दाखवत नाही, म्हणून छापण्याआधी एक पान तपासून पाहावे. शब्द लिहिताना अक्षरे गाण्याच्या उच्चाराप्रमाणे तोडावीत. लेखनातील जोडाक्षर आणि गळ्यातील तुकडा दर वेळी एकाच ठिकाणी तुटत नाहीत.

वाचणारा आणि लिहिणारा

स्वरलेखन-संपादकाकडे वळणाऱ्याने पहिली रचना लहान निवडावी, शक्यतो आठ किंवा सोळा मात्रांच्या ठेक्यातील एक धून, आणि तिच्या लेखनाची परीक्षा सॉफ्टवेअरकडून करवून घेऊ नये. संगणक लिहिलेले सारे बिनचूक वाजवतो, कारण तो आपलेच आकडे परत वाजवत असतो. ज्याने ती धून ऐकलेली नाही अशा वादकापुढे छापील पान ठेवले की कोठे श्वास घ्यायचा, कोठे पुनरावृत्ती संपते, कोठे सम आहे, याची अडखळण लगेच दिसते. ज्या जागी तो प्रश्न विचारतो ती जागा लेखनात अपुरी आहे असे मानून तेथे खूण वाढवावी.

सोनी स्कोअरिंग स्टेजवरचा कागद आणि सोलापुरातील बँडचा कागद यांत लेखनशास्त्राच्या दृष्टीने काही अंतर नाही. अंतर आहे ते वाचणाऱ्यांच्या तयारीचे. लिहिण्याचे साधन आता जिल्ह्यातील कोणत्याही संगीतशिक्षकाला साध्या संगणकावर विनामूल्य मिळते, पण स्टाफ वाचायला शिकवणारा तास शाळेत आणि बँडच्या तालमीत क्वचितच असतो. म्हणून संपादक शिकणाऱ्याने लेखनाबरोबर आपले दोन-चार वाचकही घडवले पाहिजेत: एक ट्रंपेटवाला, एक क्लॅरिनेटवाला, एक पेटीवाला. तेवढे झाले, तर सोलापुरात बांधलेली चाल तिच्या संगीतकाराला सोबत न नेता दुसऱ्या गावच्या बँडकडे पाठवता येईल, आणि पलुस्कर-भातखंड्यांनी शिष्यांसाठी सुरू केलेले लेखनाचे काम अनोळखी वादकापर्यंत पोहोचेल.